साथ सगळ्यांना, उपचार मोजक्यांना: प्लेगपासून कोरोनापर्यंत मनाच्या आजारांची गोष्ट



“याला ठाण्याला पाठवा रे!” हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. पुण्याकडे ठाण्याच्या जागी ‘येरवडा’ येतो. अर्थ एकच: समोरच्याला वेड लागलंय. बोलणारा चेष्टेत बोलतो आणि ऐकणारे हसतात.

पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या माणसाचा विचार करा. त्याच्यासाठी ठाणे हे जिल्ह्याचं गाव आहे. कलेक्टर कचेरी तिथे, मोठं कोर्ट तिथे, मोठा सरकारी दवाखानाही तिथेच. त्याच गावाचं नाव शिवीसारखं वापरलं जात असेल, तर झोप उडालेला, जीव घाबरणारा माणूस मनाच्या डॉक्टरकडे जायला ठाण्याची गाडी कशी पकडेल?

आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे. कोरोनाच्या काळात मनाचा त्रास सगळ्यांनाच झाला, पण उपचार सगळ्यांना सारखे मिळाले नाहीत. कोणाला मिळाले, कोणाला नाही, आणि असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. शेवटी तुमच्या उपयोगाच्या गोष्टीही सांगणार आहे. त्यामुळे लेख लांब असला तरी पूर्ण वाचा.

ठाण्याचं मनोरुग्णालय कुठून आलं?

इंग्रजांच्या काळात मुंबईत कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथे युरोपियन रुग्ण वेगळे आणि देशी रुग्ण वेगळे ठेवले जात. युरोपियन रुग्णाला जहाजाने मायदेशी पाठवण्याची सोय होती. देशी रुग्णाला तशी कुठलीच वाट नव्हती. कुलाब्याची जागा अपुरी पडू लागली आणि १९०१ मध्ये ठाण्याला मोठं मनोरुग्णालय सुरू झालं. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखलं जाई. आज महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी.

या इस्पितळांत माणसं यायची कशी? १८५८ च्या कायद्याने पोलिसांना अधिकार दिला होता. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला की त्याला धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि तिथून इस्पितळात पाठवायचं. पुढे १९१२ चा कायदा आला, त्यातही मॅजिस्ट्रेटचा हुकूम महत्त्वाचाच राहिला. हा १९१२ चा कायदा आपल्याकडे १९९३ पर्यंत चालला. म्हणजे तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलेलं मनोरुग्णालय हे पोलीस, कोर्ट आणि कुलूप यांच्याशी जोडलेलं होतं.

आता सांगा, ज्या माणसाला पोलिसांची आणि जंगलखात्याच्या शिपायाची आधीच धास्ती आहे, तो अशा दारातून आपणहून आत जाईल का?

प्लेग, १८९६: दवाखान्याची भीती

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक घाबरून मुंबई सोडू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. घरोघरी झडत्या, रुग्णाला उचलून नेणं, सामान जाळणं असे प्रकार सुरू झाले. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोकांची समजूत अशी झाली होती, की त्या दारातून आत गेलेला माणूस परत येत नाही.

याला निव्वळ अडाणीपणा म्हणून चालणार नाही. प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं आणि दाखल झालेले बरेचसे रुग्ण खरंच दगावत होते. माणूस जे डोळ्यांनी पाहतो, त्यावरूनच अंदाज बांधतो. त्यात उचलून नेणारा परका, त्याची भाषा परकी, आणि नेताना विचारणारं कोणी नाही. मग भीतीची अफवा व्हायला वेळ लागत नाही.

हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरात आला. कायदा जुना होता आणि लोकांच्या मनातली भीतीही जुनीच होती. “कोविड सेंटरला नेलं की संपलं” हे तुम्हीही २०२० मध्ये ऐकलं असेल. सुरुवातीला बऱ्याच आदिवासी पाड्यांवर लस घ्यायलाही लोक कचरत होते, त्याचं मूळ इथे आहे. आजाराइतकीच त्यांना उचलून नेणाऱ्या हाताची भीती होती.

१९१८: एकाच शहरात वेगवेगळं मरण

आता १९१८ च्या इन्फ्लुएंझाकडे या. या साथीत हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, काही अभ्यासक याहून जास्त आकडा सांगतात. त्याच वर्षी पाऊस फसला, धान्य महाग झालं आणि उपाशी अंगावर ताप आला.

मुंबई महापालिकेने तेव्हा मृत्यूंची नोंद समाजानुसार ठेवली होती. हजार लोकसंख्येमागे मृत्यू असे होते: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, ‘इतर हिंदू’ १८.९, आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं, त्यांच्यात ६१.६.

शहर एक, विषाणू एक, हवा एक. तरी युरोपियनांच्या सातपट मृत्यू. रक्तात फरक होता म्हणून असं झालं का? नाही. एका खोलीत किती माणसं झोपतात, पोटात काय आहे, ताप आल्यावर कामावर न जाता पडून राहता येतं का, पाणी द्यायला जवळ कोणी आहे का, यावर ते मरण ठरलं.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण मनाच्या आजारालाही तो तसाच्या तसा लागू होतो. एखाद्या समाजात उपचार कमी घेतले जातात, याचा अर्थ तिथे त्रास कमी आहे किंवा त्या लोकांना समजत नाही, असा होत नाही. आधी त्यांच्या वाटेत काय काय आहे ते पाहावं लागतं.

१९१८ च्या त्या नोंदीत मृत्यू मोजले गेले. मागे राहिलेल्यांचं काय झालं, कोणाची झोप गेली, कोण बोलायचं थांबलं, कोण दारूला लागलं, याचा रकानाच नव्हता.

अमेरिकेचा आकडा आणि आपला कोरा रकाना

शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, अमेरिकेत मात्र ही मोजणी झाली. सरकारी आरोग्य पाहणीत प्रौढांना विचारलं, की गेल्या बारा महिन्यांत मनाच्या त्रासासाठी गोळ्या किंवा समुपदेशन घेतलं का? एकूण २०.३ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. पण गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २४.४ टक्के, काळ्यांमध्ये १५.३, लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमध्ये १२.६ आणि आशियाई वंशाच्या लोकांमध्ये फक्त ७.७ टक्के होतं. या शेवटच्या गटात तिथे गेलेली आपली भारतीय कुटुंबंही आली. म्हणजे शिक्षण आणि पैसा असूनही ‘लोक काय म्हणतील’ हे समुद्रापलीकडे पोचतं.

इंग्लंडमध्ये उलटी बाजू दिसते. तिथे कायद्याने सक्तीने मनोरुग्णालयात ठेवण्याचं प्रमाण २०२०-२१ मध्ये गोऱ्यांच्या तुलनेत काळ्यांमध्ये चौपटीहून जास्त होतं. ज्याला वेळेवर, घराजवळ, विश्वासाची मदत मिळत नाही, त्याचा आजार बळावतो आणि मग तो पोलिसांच्या गाडीतून येतो. १८५८ च्या आपल्या कायद्याची आठवण झाली ना?

अमेरिकेचे सर्जन जनरल डेव्हिड सॅचर यांनी २००१ मध्येच यावर एक अहवाल काढला होता. त्याचा सारांश असा: अल्पसंख्य वांशिक गटांना मनाचे उपचार कमी मिळतात आणि मिळतात तेही कमी दर्जाचे, त्यामुळे आजाराचं ओझं त्यांच्यावर जास्त पडतं. फरक मेंदूत नसून वाटेत आहे.

आपल्याकडे काय आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने सांगितलं, की दर शंभर प्रौढांपैकी साधारण दहा-अकरा जणांना उपचारांची गरज असलेला मानसिक आजार आहे. नैराश्य आणि चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. ही पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. कोरोनाच्या रोजच्या आकड्यांत जिल्हा असायचा, तालुका असायचा, पण समाज नसायचा. कातकरी किती, ठाकूर किती, हे त्या आकड्यांत दिसत नव्हतं. १९१८ च्या मुंबईने निदान मेलेल्यांचा तेवढा हिशेब ठेवला होता.

एक आकडा मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने दिला. २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ३७,६६६ जण, म्हणजे जवळपास चारांत एक, रोजंदारीवर काम करणारे होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात होती: १९,९०९. रोजंदारीवर कोण असतं, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकाला सांगायला नको.

शहापूर-मुरबाड: पाणी जातं, डॉक्टर येत नाही

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. इथलं पाणी शंभरेक किलोमीटरवर मुंबईच्या नळाला जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. शहापूर हा पूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली हे इथले मूळचे लोक. यांपैकी कातकरी समाजाची सरकारी नोंद ‘विशेष दुर्बल आदिवासी गट’ अशी आहे. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन.

कातकऱ्यांचं नाव काताच्या धंद्यावरून पडलं. खैराच्या लाकडापासून कात काढायचा, जंगलावर जगायचं. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल सरकारी झालं आणि जगणं चोरी ठरलं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरही कायद्याने बंधनं आली. जमीन नाही, जंगल नाही, मग उरली मजुरी. म्हणून दिवाळीनंतर ठेकेदाराकडून उचल घ्यायची, बायकापोरांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उचल फिटली तर हातात काही येतं, नाही तर पुढच्या वर्षाचं कर्ज डोक्यावर.

आता तारीख बघा. टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला. भट्टीचा हंगाम ऐन भरात असताना काम थांबलं. उचल अंगावर तशीच राहिली. त्याच वेळी मुंबई-नाशिक महामार्गावर, शहापूरवरून कसारा घाटाकडे, डोक्यावर बोचकी घेतलेल्या माणसांची रांग चालत होती. राज्य सरकारने पुढे आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान जाहीर केलं: चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. पोटासाठी ते गरजेचंच होतं. मनासाठी मात्र काही नव्हतं.

तेव्हा नेमकं काय तुटलं?

जागतिक आरोग्य संघटनेने १३० देशांना विचारलं, तेव्हा ९३ टक्के देशांनी मान्य केलं, की साथीत मनाच्या आजारांच्या सेवा विस्कळीत झाल्या. आपल्या तालुक्यात हे कसं झालं ते पाहू.

आसनगावहून ठाणे लोकलने ५० किलोमीटरच्या आसपास, कसाऱ्याहून ८५ च्या पुढे. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळेत परवानगी मिळाली, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच प्रवास करता येऊ लागला. म्हणजे ज्या पाड्यावर लस उशिरा पोचली, त्या पाड्याला गाडीही उशिरा मिळाली.

मुरबाडला तर रेल्वेच नाही. सगळा भार एसटीवर. टाळेबंदीत एसटी थांबली, आणि पुढे २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. टोकावडे किंवा धसईच्या पलीकडच्या वाडीवरून कल्याणला यायचं तर खाजगी जीप. जीपचं भाडं म्हणजे एका दिवसाची मजुरी. सोबत्याचं भाडं वेगळं, आणि दोघांची बुडालेली मजुरी वेगळी.

ठाण्याचं जिल्हा रुग्णालय २०२० मध्ये कोविड रुग्णालय झालं. साथीत ते गरजेचं होतं. पण दर महिन्याला तिथून गोळ्या नेणाऱ्याला दुसरी जागा शोधावी लागली.

आता गोळ्या थांबल्या की काय होतं ते समजून घ्या.

फिट येणाऱ्या माणसाने गोळी एकदम बंद केली तर फिट परत येते, कधी एकामागून एक. त्यात जीव जाऊ शकतो.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे बरंच वाटतं, सुस्ती जाते. घरचे म्हणतात, “बघा, गोळीशिवायच चांगला आहे.” मग हळूहळू झोप जाते, संशय वाढतो, कानात आवाज येऊ लागतात.

नैराश्याची गोळी अचानक सोडली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते आणि काही महिन्यांत आजार उलटू शकतो.

आणि दारू. टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो: भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, वेळ-काळ कळत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. खरं तर ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि वेळेत दवाखान्यात नेल्यास माणूस बरा होतो.

‘फोनवर डॉक्टर’ सगळ्यांपर्यंत पोचला का?

सरकारने २५ मार्च २०२० लाच दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘किरण’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, तेरा भाषांत. चांगलं पाऊल होतं ते, आणि अनेकांना त्याचा आधार झाला.

पण अशी सेवा वापरायला काय काय लागतं? फोन लागतो, तो चार्ज हवा, डोंगराच्या आड रेंज हवी. घरात एकच फोन असेल तर तो बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात असतो. एका खोलीच्या घरात सासूसमोर सून फोनवर काय बोलणार? आणि पलीकडचा माणूस प्रमाण मराठीत विचारतो, “तुम्हाला उदास वाटतं का?” पाड्यावरचं दुःख त्या शब्दात येत नाही. तिथे बाई म्हणते, “डोकं भणभणतं.” “छातीत धडधडतं.” “अंग उचलत नाही.” “कशात जीव लागत नाही.” डॉक्टर घाईत असेल तर तिला रक्तवाढीची गोळी आणि सलाईन मिळतं, आणि नैराश्य तसंच राहतं.

म्हणजे त्रास आणि उपचार यांच्यामध्ये पाच पायऱ्या आहेत. हा आजार आहे हे ओळखणं, तो आपल्या बोलीत सांगता येणं, अंतर, पैसा आणि भीती. शहरातल्या पगारदार माणसासाठी कोरोनात यातली एखादी पायरी उंच झाली. पाड्यावरच्या माणसासाठी पाचही आधीपासून उंच होत्या, कोरोनाने फक्त कठडाही काढून घेतला.

आणि भगत?

“डॉक्टर, हे लोक भगताकडे जातात हो,” असं बरेच जण म्हणतात. जातात. शहरातले लोकही ज्योतिष्याकडे जातात. भगत पाड्यावर राहतो, रात्री दोन वाजता उठतो, त्यांची भाषा बोलतो, घरातल्या सगळ्यांना बसवून ऐकतो. आपल्या व्यवस्थेत या चार गोष्टी नाहीत, म्हणून लोक आधी तिथे जातात.

नारळ फोडला, अंगारा लावला, यात माझं भांडण नाही. पण रेषा कुठे आहे ते सांगतो. माणसाला साखळीने बांधणं, चटके देणं, मारणं, धुरी कोंडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. आणि दुसरी रेषा: दवाखान्याची गोळी बंद करायची नाही. भगताकडे गेलात तरी गोळी चालूच ठेवा. काही समजूतदार भगत स्वतःच म्हणतात, “हे माझं काम नाही, दवाखान्यात न्या.” अशा भगताला आशाताईने आणि डॉक्टरने सोबत घ्यावं.

आता तुमचा हक्क काय आहे?

इतिहास ऐकून निराश होऊ नका. मे २०१८ पासून देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू आहे. त्यात चार गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

१. सरकारी किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या सेवेत मनाचे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. जात, धर्म, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही.

२. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत आहेत.

३. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असंच कायदा धरून चालतो. त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळाले पाहिजेत. म्हणून “पोलीस केस होईल” या भीतीने विष घेतलेल्या माणसाला घरात लपवू नका, मिनिटं मोलाची असतात.

४. साखळीने बांधून ठेवण्यास बंदी आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. त्याचा उद्देशच हा, की माणसाला मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत जायला लागू नये, जवळच्या सरकारी दवाखान्यात सल्ला आणि गोळी मिळावी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: “मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात? आमच्या गोळ्या इथे मिळतील का?” हा प्रश्न जितके जास्त लोक विचारतील, तितकं उत्तर द्यावं लागेल. सेवा वापरली जाते तिथेच ती टिकते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. स्वतःचा फोन नसेल तर आशाताईच्या किंवा शिक्षकाच्या फोनवरून बोला.

पुढच्या साथीआधी घरात करून ठेवा

साथ पुन्हा येईल का, हे मी सांगू शकत नाही. पूर, संप, दरड हे तर दरवर्षीच रस्ता अडवतात. म्हणून:

– चालू गोळ्यांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, फोनमध्ये तिचा फोटो ठेवा. एक प्रत आशाताईकडे द्या.

– भट्टीवर किंवा कामाला बाहेर जाताना डॉक्टरांना आधी सांगा. “दोन महिने परत येणार नाही” म्हटलं तर गोळ्या त्या हिशेबाने देता येतात, आणि जिथे जाल तिथल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळते.

– पंधरा दिवसांच्या गोळ्या उरलेल्या असतानाच पुढच्या आणा. संपल्यावर धावपळ नको.

– दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, कामाला हात उठत नसेल, तर तो आळस नाही. दवाखान्यात दाखवा. शब्द सुचत नसतील तर शरीराचं जे होतंय ते सांगा आणि एवढंच जोडा: “माझ्या मनालाही बरं नाही.” डॉक्टरला तेवढं पुरतं.

– “मेलेलं बरं” असं कोणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने विचार वाढत नाही, मोकळं होतं. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ ला बोला. विष घेतलं असेल तर १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.

– दारू सोडायची असेल तर उत्तमच, पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात स्वतःच्या मनाने तोडू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

ज्या वाचकांच्या घरी सगळं ठीक आहे, त्यांच्यासाठीही एक काम आहे. तुमच्या भट्टीवर, शेतावर, फार्महाऊसवर, घरकामाला येणारी माणसं या पाड्यांवरून येतात. दवाखान्याच्या दिवसाची मजुरी कापू नका. गाडीत एक जागा द्या. आणि ‘ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा आपल्या घरापुरती बंद करा. तुमच्या अंगणात काम करणारी एखादी बाई ती ऐकत असते, आणि आपला त्रास कोणाला सांगायचा नाही, हे तिथेच ठरवते.

काळजी घ्या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.